सूर्याचा मुलगा मखमलाबादला पडला

माझी सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यात गुरांची डॉक्टर म्हणून गेली. अडलेली गाय सोडवायची, फुगलेल्या बैलाच्या पोटातला वायू काढायचा, लसी घेऊन वाड्यावस्त्यांवर हिंडायचं. आमच्या धंद्याची बाहेरच्या माणसाला ओळख करून द्यायची तर एवढंच सांगेन, की आमचा रोगी बोलत नाही आणि त्याचा मालक फार बोलतो. या दोघांच्या मधून खरं काय झालंय ते शोधून काढायचं. शिंगं, लाथा आणि सल्ले हे तिन्ही चुकवत.

पण निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, मॅडम, नोकरीतलं काय आठवतं, तेव्हा म्हशी मागे राहतात आणि डोळ्यांपुढे येतात ते समुद्रपक्षी. नाशिकच्या डॉक्टरला समुद्रपक्षी कुठून भेटणार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण पावसाळ्यात अरबी समुद्रावर वादळ उठलं, की किनाऱ्यापासून खूप आत, उघड्या पाण्यावर राहणारे काही पक्षी त्या वाऱ्यात सापडतात. उपाशी, दमलेले, वाऱ्याबरोबर ढकलले जात ते सह्याद्री ओलांडून येतात आणि कुठेतरी खाली उतरतात. म्हणजे पडतातच. मग ते ज्याला सापडतात तो बिचारा त्यांना खोक्यात घालून सरकारी दवाखान्यात आणतो.

या पक्ष्यांबरोबर दुसरं आठवतं ते एक माणूस, सायमन साळवे सर. सर नाशिकमधल्याच शरणपूरचे. धर्मगुरू तयार करणाऱ्या एका संस्थेत त्यांनी आयुष्यभर ग्रीक आणि लॅटिन शिकवलं आणि निवृत्त होऊन परत शरणपूरला आले. बायको गेलेली, मुलगी परदेशात, घरात मार्था नावाची एक म्हातारी मांजर. तिच्या मूत्रपिंडाचा आजार मी सांभाळत होते. सर दर आठवड्याला तिला पिशवीत घालून आणायचे आणि नंबर येईपर्यंत बाकावर बसून माझ्या कपाटातल्या बाटल्या वाचत बसायचे.

एकदा भुलीच्या औषधाच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाले, "डॉक्टर, ही आमच्या घरची आहे."

"म्हणजे?"

"अ‍ॅनेस्थेशिया. 'अन्' म्हणजे नाही, 'ऐस्थेसिस' म्हणजे जाणीव. आपल्या अनंत, अनादीमधला जो 'अन्', तोच हा. चुलत घरातला."

मी कितीतरी वर्षं ते औषध वापरत होते. त्या शब्दाला आईबाप असतील असं कधी मनात आलं नव्हतं.

पुढे घोटीहून एक शेतकरी भाताच्या खाचरात पडलेला पक्षी घेऊन आला. पाठ राखी-काळी, कपाळ पांढरं, डोळ्यातून काळी पट्टी. नाशिकच्या पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फोटो टाकला, तर उत्तर आलं: ऑनिकोप्रिऑन अ‍ॅनीथेटस. सुरय नावाच्या समुद्रपक्ष्यांची एक जात. सर बाकावर होतेच. मी स्पेलिंग वाचून दाखवलं तसे त्यांचे डोळे लकाकले.

"हा तर तुमच्या बाटलीतलाच शब्द! पण एक अक्षर खाल्लंय बघा. 'एस' हवा होता. बारसं करणारा घाईत असणार."

"मग आता दुरुस्त का नाही करत?"

"नियम आहे. पहिल्यांदा जसं छापलं तसंच राहतं. शाळेत दाखल करताना मास्तरांनी जन्मतारीख चुकीची लिहिली की निवृत्तीपर्यंत तीच, तसं."

शास्त्रीय नावाची रीत सरांनी मला समजावली ती अशी: दोन शब्द असतात. पहिला कुळाचा, आडनावासारखा. दुसरा त्या एकाच जातीचा. या पक्ष्याच्या आडनावात नख आणि करवत आहे, आणि नावाचा अर्थ जाणीव नसलेला, बधिर. कारण जहाजावर बसला की खलाशी जवळ आले तरी तो उडायचा नाही, सरळ हाताने पकडता यायचा. त्याचा एक तपकिरी भाऊबंद आहे, अनूस स्टोलिडस. अनूस म्हणजे बिनडोक आणि स्टोलिडस म्हणजे मठ्ठ. "नावही शिवी आणि आडनावही शिवी," सर म्हणाले. "माणसाला भ्यायला नाही, एवढाच गुन्हा."

तो घोटीचा पक्षी माझ्या हातावर अगदी शांत बसला होता. पार उपाशी होता. मला त्याला वाचवता आलं नाही. सर दुसऱ्या दिवशी मार्थाला न घेता, फक्त त्याची चौकशी करायला आले होते.

त्यानंतर नावं विचारायची मला सवयच लागली. सांगताना सरांच्या चेहऱ्यावर असा आनंद असायचा, की जणू ते शब्द कालच गावाहून आलेत. दुसऱ्यांचा घास लुटणाऱ्या एका समुद्रपक्ष्याचं नाव विष्ठेवरून पडलंय, कारण तो दुसऱ्या पक्ष्यांचा पाठलाग करायचा तेव्हा त्यांनी भीतीने टाकलेला घास लोकांना विष्ठा वाटला. फ्रिगेट पक्ष्यांमधल्या एका थोराड जातीचं नाव 'मायनर', म्हणजे धाकटा, कारण नाव देणाऱ्याने त्याची तुलना भलत्याच मोठ्या पक्ष्याशी केली होती. काळ्या डोक्याच्या कुरवाचं नाव 'हसरा'. पण सरांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी होती. ठाऊक नसेल तर ते गोड गोष्ट रचायचे नाहीत. पेट्रेल नावाचे छोटे पक्षी पाय पाण्याला लावत लाटांवर पळतात. बायबलमधल्या, पाण्यावर चाललेल्या पेत्रावरून ते नाव आलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ख्रिस्ती माणसाला याहून गोड काय असणार? पण सर दरवेळी म्हणायचे, "असं म्हणतात. पुरावा मला सापडलेला नाही."

मखमलाबादचा पक्षी आला तो अशाच एका वादळानंतर, पावसाळा उतरणीला लागला होता तेव्हा. हिराबाई नावाच्या फुलशेती करणाऱ्या बाई फुलांच्या क्रेटवर जुनं लुगडं टाकून तो घेऊन आल्या. एका बोटाला चिंधी बांधलेली.

"डाक्टरबाई, आभाळातून पडलंय वो. शेवंतीच्या सरीत. धप्पकन आवाज झाला, मला वाटलं नारळ पडलं."

"नारळाचं झाड आहे का मळ्यात?"

"नाय ना! म्हनून तर बघाया गेले." त्यांनी चिंधीचं बोट पुढे केलं. "उचलाया गेले तर फाडलंच की."

लुगडं बाजूला केलं आणि मी पाहतच राहिले. पांढराशुभ्र पक्षी. पाठीवर पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा, डोळ्यातून काजळाची रेघ, चोच लालभडक. शेपटीतून एक लांबच लांब पांढरी फीत निघाली होती, दुसरी बुडाशी तुटलेली. त्याने माझ्याकडे पाहून असा काही कर्कश आवाज काढला, की बाहेरची शेळी दावं ताणून उभी राहिली.

पंख धड होते. घशात नळी घालून मी त्याला पाणी पाजलं, अंगात ऊब आणली. पण तो उभा राहीना. टेबलावर ठेवला की पोटावर कोसळायचा आणि पंखांनी अंग पुढे ओढायचा. पुन्हा उभा केला, पुन्हा तेच. पाय इवलेसे आणि पार मागे. बोटाला चिमटा काढला तर पाय आत ओढून घ्यायचा, म्हणजे जाणीव होती. एक्स-रे काढला, हाड कुठे मोडलेलं दिसेना. उंचावरून पडलेलं जनावर उभं राहत नाही, तेव्हा आम्ही सगळ्यात आधी पाठीच्या कण्याला भितो. कण्याला मार असेल, तर पक्ष्याला जगवणं म्हणजे त्याचे हाल करणं. एका रात्रीत त्याच्या छातीचं हाड टेबलाला घासून कातडी लाल झाली होती.

वन्य पक्ष्याबद्दल निर्णय एकट्या डॉक्टरचा नसतो, वनखात्याला कळवावं लागतं. वनरक्षक गांगुर्डे चांगला माणूस. सकाळी येऊन पाहून गेला.

"मॅडम, लय तडफडतंय हो. उभं राहनारच नसंल तर मोकळं करा त्याला. मी साहेबांशी बोलतो."

दुपारी त्याचा फोन आला, साहेबांनी डॉक्टरांवर सोपवलंय. मी इंजेक्शन बाहेर काढून ठेवलं. माझ्या नोकरीत हे काम कितीदा केलं असेल, पण त्या दिवशी मी औषध भरायचं टाळत होते. पायात जाणीव आहे, हाड शाबूत आहे आणि तरी उभा राहत नाही, हे मला काही केल्या जुळत नव्हतं.

तेवढ्यात फूलबाजार आटोपून हिराबाई आल्या. त्यांनी टेबलावर पोटावर पडलेला पक्षी पाहिला आणि न विचारता डोक्यावरची चुंबळ काढून त्याच्याखाली सारली. डोक्यावर पाटी वाहताना बायका कापडाचं वेटोळं ठेवतात ती चुंबळ. पक्षी तिच्यात असा बसला, की त्याची छाती मधल्या पोकळीत अलगद अधांतरी राहिली. ओरडायचा थांबला.

"फरशी टोचत आसंल त्याला," हिराबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर इंजेक्शनकडे गेली. "ते काय?"

मी सांगितलं. त्या स्टूल ओढून पक्ष्याशेजारी बसल्या.

सायमन सर मार्थाला घेऊन आत आले ते याच वेळी. आणि मी पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर टाकलेल्या फोटोला तिथल्या एका जाणत्या बाईंचं उत्तर आलं. त्या प्रवासात होत्या, त्यामुळे दोनच शब्द: फेथॉन एथेरिअस. मी मोठ्याने वाचलं.

"फेथॉन?" सरांनी मांजराची पिशवी खाली ठेवली. "अरेरे."

"अरेरे का?"

"सूर्याचा मुलगा तो. बापाकडे हट्ट धरला, एक दिवस रथ मला हाकू दे. बापाने शब्द दिलेला, मोडता येईना. पोराला घोडे आवरले नाहीत. रथ खाली आला, पृथ्वी जळायला लागली. मग देवांच्या राजाने वीज टाकली आणि पोरगं आभाळातून खाली पडलं. नदीत."

हिराबाईंनी पदर सावरला. "सूर्याचा पोरगा? शनी नाय ना? मी घरात ठिवला हुता त्याला रातभर."

"नाही हो ताई," सर गंभीरपणे म्हणाले. "शनीचा सावत्र भाऊ समजा. दूरदेशीचा."

"मंग चालंल." त्यांनी चुंबळ जरा नीट केली. "पर बापानं द्यायाच नको हुता रथ."

मी विचारलं, "सर, पण पक्ष्याला हे नाव का?"

"सूर्य डोक्यावरून जातो त्या पट्ट्यातल्या समुद्रांवरच हा राहतो म्हणून. सूर्याची वाट सोडत नाही. आणि एथेरिअस म्हणजे अगदी वरच्या आकाशातला, हवेच्याही वरचा." ते चष्मा वर करून वाकले आणि पक्ष्याकडे बघत राहिले. "किती सुंदर आहे. डॉक्टर, ज्यांनी याला हे नाव दिलं त्यांनी याला कधी उभा असलेला पाहिलाच नसणार. खलाशांच्या डोक्यावर, उन्हात, वरच. बस."

मी त्यांच्याकडे वळले. "काय म्हणालात? उभा असलेला पाहिला नसणार?"

माझ्या डोक्यात काय चाललंय ते त्यांना लगेच कळलं आणि ते घाबरले. "नाही नाही, नावावरून औषध ठरवू नका. नावं देणाऱ्यांनी फार घोटाळे केलेत. एका पक्ष्याचं नाव 'बिनपायाचा' ठेवलंय, का, तर युरोपात त्याची कातडी गेली ती व्यापाऱ्यांनी पाय तोडून पाठवलेली. पाय होते त्याला. विचारा कुणाला तरी. आत्ताच्या आत्ता विचारा."

मी त्या प्रवासातल्या बाईंना फोन लावला. दोनदा लागून कट झाला. तिसऱ्यांदा गाडीच्या खडखडाटात आवाज आला. मी ओरडूनच विचारलं, "हा पक्षी जमिनीवर उभा राहतो का?"

"छे हो," त्या तिकडून ओरडल्या. "चालतच नाही तो. पाय पार मागे असतात, वजन पेलत नाहीत. कड्याच्या कपारीत घरटं करतो, तिथेही पोटावर सरपटतो. का?"

मी फोन ठेवला. इंजेक्शन उचलून कपाटात ठेवलं आणि कपाट बंद केलं. हिराबाईंना बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण कपाट बंद झालेलं त्यांनी पाहिलं आणि त्या पदराने डोळे पुसायला लागल्या. सर बाकावर जाऊन बसले. मी त्यांच्यासाठी चहा मागवला, तो त्यांनी बराच वेळ हातातच धरून ठेवला.

पुढचे दिवस आमचा दवाखाना मासळीच्या वासाने भरून गेला. गांगुर्डेने बाजारातून लहान मासे आणले. पक्षी आपणहून खाईना, तेव्हा मी चोच उघडून धरायची आणि मासा घशात सारायची. चोचीच्या कडांना करवतीसारखे दाते असतात, माझ्या हातावर त्याच्या खुणा अजून आहेत. पिसांना माशाचं तेल लागू द्यायचं नाही, नाहीतर ती पाणी धरतात आणि पक्षी समुद्रात बुडतो, हेही त्या बाईंनी सांगितलं होतं. हिराबाई रोज एक स्वच्छ चुंबळ घेऊन यायच्या. सर रोज यायचे, म्हणायचे मार्थाला दाखवायला. मार्था तेव्हा अगदी ठणठणीत होती.

पक्ष्याने अंग धरलं तसा त्याला सोडायचा प्रश्न आला. सपाट जमिनीवरून त्याला उडता येत नाही, कडा तरी हवा नाही तर समुद्र. गांगुर्डेने किनाऱ्यावरच्या सातपाटी गावच्या एका होडीवाल्याशी बोलून ठेवलं. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या पाण्यात उतरल्या होत्या. हिराबाईंना मळा सोडून येता येईना, सणासुदीची फुलं काढणीला आलेली. त्यांनी क्रेटमध्ये आपल्या हाताने चुंबळ बसवून दिली. सर मात्र हटून बसले.

"वय झालंय सर तुमचं. होडी हलते."

"डॉक्टर, समुद्र हा शब्द मी किती भाषांत शिकवला असेल. होडीत कधी बसलो नाही."

पहाटे निघालो. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार. जीपमध्ये क्रेट मांडीवर घेऊन सर मागे बसले होते, आणि वळणावर गाडी कलली की दोन्ही हातांनी क्रेट सावरत होते. वाटेत त्यांनी मला एकाही शब्दाचा अर्थ सांगितला नाही. अधूनमधून झाकणाच्या फटीतून आत बघायचे, तेवढंच.

होडीवाले तांडेल दादा सरांना बघून जरा साशंक झाले होते, पण त्यांनीच हात देऊन त्यांना वर घेतलं. किनारा बारीक रेघेसारखा झाला तेव्हा पाणी चांगलंच हलायला लागलं. सरांचा चेहरा पांढरा पडला. ते होडीच्या काठाला धरून बसले, मग वाकले, आणि त्यांना उलट्या सुरू झाल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर त्यांनी मान न उचलताच हाताने खुणावलं, पक्ष्याकडे बघा.

"हितं सोडा, वारा बरा हाय," तांडेल दादा म्हणाले.

मी झाकण काढलं. दोन्ही हातांत पक्षी धरला, वाऱ्याकडे तोंड केलं आणि वर सोडला. त्याने पंख उघडले, दोनतीनदा मारले आणि सरळ पाण्यात पडला.

गांगुर्डे उठून उभा राहिला. लाट आली, पक्षी दिसेनासा झाला. लाट गेली, तर तो पाण्यावर बसलेला, शेपटीची फीत वर उचलून. पिसं पाणी धरत नव्हती. त्याने चोच पाण्यात बुडवली, मान झटकली, अंग घुसळलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग समोरून एक मोठी लाट उठली आणि तिच्या माथ्यावर आल्यावर तो सुटला. काही वेळ पंख पाण्याला लागत होते. हळूहळू ते लागायचे थांबले. आधी तो पाण्यालगत गेला, मग वाऱ्यावर वळला आणि एकदम वर, आमच्या डोक्यावर आला. पंखांतून पलीकडचं ऊन दिसत होतं. तिथून तो अजून वर गेला, आणि मग पश्चिमेकडे.

तांडेल दादांनी नकळत हात जोडले होते.

मी वळून पाहिलं. सर अजून काठावर वाकलेले होते. उलटी आवरून त्यांनी तोंडावर पाणी मारलं, रुमालाने पुसलं आणि मान वर केली. आकाश रिकामं होतं.

"गेला?"

"गेला, सर."

"कसा गेला?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं नावाचा अर्थ मी त्यांना विचारत आले होते. आता ते विचारत होते आणि मला शब्द सापडत नव्हते. "आधी पाण्यात पडला," मी म्हटलं. "मग लाटेवरून उठला. आपल्या डोक्यावर आला. अगदी वर गेला सर, उन्हात. पंखांतून ऊन दिसत होतं."

त्यांनी डोळे मिटले आणि पाठ टेकवली. होडी किनाऱ्याकडे वळली होती.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. "पाण्यात पडला तिथपासून."